ती मुंगी चावलीच नव्हती

दगडूनाना कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. चपला काढायच्या, उंबरा ओलांडायचा आणि उजवा तळवा भिंतीवर टेकवून डोळे मिटायचे. पाणी नंतर, खुर्ची नंतर, 'कसं काय' तर फारच नंतर. यजमान तांब्या घेऊन ताटकळत उभे राहतात. मग नाना डोळे उघडतात आणि निकाल देतात. "चांगली शे." नाहीतर, "हाई भीत लबाड शे." लबाड भिंत म्हणजे जी खालचे सूर गिळून टाकते किंवा उगाच फुगवून सांगते.

माझ्या मुलीच्या लग्नात, जळगावच्या एका मंगल कार्यालयात, नाना एकेक करत सगळ्या खांबांना तळवा लावत फिरत होते. वरपक्षाच्या एक आजीबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या. नानांनी खांबाला हात लावला की त्याही लावायच्या आणि तोच हात कपाळाला टेकवायच्या. सातव्या खांबापाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "कोणतं दैवत म्हणायचं हे?"

मी म्हणालो, "बेस गिटार."

त्यांनी तेवढ्याच भक्तिभावानं मान डोलावली आणि आठव्या खांबाकडे गेल्या.

नाना धुळ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत, गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. मी जळगावला शाळेत मराठी शिकवायचो आणि त्याच ऑर्केस्ट्रात गायचो. त्यामुळे मी सगळ्या खानदेशाचा 'मास्तर' झालो. नाना मात्र एका वेगळ्याच नावानं ओळखले गेले. ते नाव त्यांना एका खोट्या गोष्टीमुळे पडलं, आणि ती गोष्ट मी रचली होती. आता नानांचा पंचाहत्तरीचा सत्कार आहे, स्मरणिका निघते आहे, आणि तीच गोष्ट त्यात छापायची म्हणून माझ्याकडे मागितली गेली. ती छापली गेली तर कायमचीच झाली. म्हणून त्या गोष्टीऐवजी हे लिहितो आहे.

पण आधी नाना.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तेव्हा कोणाला ऐकू येत नाही, आणि थांबली की सगळ्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. हे मी एकदा नानांच्या बायकोला, अक्कांना, समजावून सांगत होतो. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच की."

भिंतीला हात लावायची सवय जिनिंगमधली. मशीन चालू असताना नाना वरच्या पत्र्यावर तळवा ठेवायचे आणि सांगायचे, तिसरं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. ते जायचंच. इतकं नेमानं जायचं, की मालकांना बरीच वर्षं संशय होता, दगडूच ते घालवतो. पुढे नाना माणसांबद्दलही तसंच बोलायला लागले. एखादा वादक लग्नानंतर तालमीला उशिरा यायला लागला की नाना त्याच्या पाठीवर तळवा ठेवून मला म्हणायचे, "बेअरिंग जाई ऱ्हायनं."

नानांच्या दोन भाषा आहेत. मनातलं बोलायचं असेल तर अहिराणी. सल्ला द्यायचा असेल तर घसा खाकरून शुद्ध मराठी, तीही शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. आणि सल्ला द्यायला त्यांना फार आवडतं. आज त्यांच्याकडे शिकलेली पंधरा-वीस मुलंमुली आहेत. कोणी पुण्यात वाजवतं, कोणी नाशकात. त्यातल्या कोणालाही त्यांनी पहिला महिनाभर गिटारला हात लावू दिला नाही.

त्यातलीच एक मेघना. आता पुण्यात कंप्युटरची नोकरी करते आणि शनिवार-रविवारी एका बँडमध्ये बेस वाजवते. पहिल्या दिवशी तिला नानांनी वायर गुंडाळायला दिली. तिनं सगळे करतात तशी कोपराभोवती गरगर गुंडाळली. नाना कळवळले. "वायरीला पीळ पडतो. आतली तार तुटते. आणि ती तुटते कधी? मुख्यमंत्री समोर बसले असताना तुटते." ती म्हणाली, "नाना, आपल्यासमोर मुख्यमंत्री कधी बसणार?" नाना म्हणाले, "म्हणून काय वायर तोडायची?"

तिचा पूर्ण महिना वायर गुंडाळण्यात गेला. दुसरा महिना ऐकण्यात गेला. तिसऱ्या महिन्यात नानांनी तिला एक सूर वाजवायला दिला. एकच. अर्धा तास तो एकच सूर. ती रडकुंडीला आल्यावर म्हणाले, "आता कंटाळा आला ना? आता बेस सुरू झाला."

"कमी वाजव," हे त्यांचं पहिलं सूत्र. "बोटांना येतं ते सगळं वाजवू नको. ताटात वाढलं म्हणून कोणी मीठ संपवतं का?" दुसरं, ड्रमवाल्याच्या तोंडाकडे बघू नको, उजव्या पायाकडे बघ. इथे मात्र त्यांची शुद्ध मराठी सुटायची. "तोंड लबाड बोलस. पाय लबाड नही बोलत." तिसरं, चुकलीस तर तोंड वाकडं करू नको. तोंड वाकडं केलंस की बहिऱ्यालाही कळतं. उलट पुढच्या वेळी त्याच जागी तीच चूक पुन्हा कर, लोक म्हणतील वा, काय जागा घेतली. आणि कोणी जवळ येऊन म्हणालं, 'आज बेस फार छान वाजला', तर घरी जाऊन विचार कर, काय बिघडलं होतं.

या शेवटच्या सूत्रापायी नानांनी आयुष्यभर स्वतःला छळलं. बोदवडला एका लग्नात मुलीच्या मामांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "नाना, आज तुमच्यामुळे रंगत आली." नाना परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत बोलले नाहीत. भुसावळला म्हणाले, "आवाज जास्त व्हयना व्हता का रे?"

वाजवण्याआधी ते जेवायचे नाहीत. पोट भरलं की हात जड होतो. खानदेशातल्या लग्नात हा नेम पाळणं म्हणजे तपश्चर्या आहे. समोर बट्ट्या तुपात बुडताहेत, वांग्याच्या भरताचा वास मांडवभर फिरतो आहे, आणि नाना स्टेजच्या कडेला चणे-फुटाणे चावत तारा पुसताहेत. कार्यक्रम संपेपर्यंत पातेली खरवडलेली असायची. मग अक्का घरी पुन्हा चूल पेटवायच्या. मीही असायचो. शेवभाजी, कळण्याची भाकरी. अक्का मला वाढताना एक वाक्य नेहमी म्हणायच्या. "सावकाश, मास्तर. घाई नका करू." मी खरोखर भराभरा जेवतो. मला वाटायचं त्या जेवणाबद्दल बोलतात.

नानांचा स्पीकरचा खोका त्यांनी स्वतः बनवलेला, एका जुन्या सागवानी दाराचा. दाराची कडी त्यांनी काढली नव्हती. मागच्या बाजूला ती अजून आहे. कडी उघडली की आत लिमलेटच्या गोळ्या. गायकाचा घसा बसला की नाना कडी वाजवायचे, मी हात मागे करायचो, गोळी हातात. मी त्या खोक्यातल्या किती गोळ्या खाल्ल्या असतील देव जाणे.

आणि अनवाणी पाय. नाना स्टेजवर चपला घालत नाहीत. त्यांचं म्हणणं, बेस कानानं ऐकू येतो तो अर्धाच, उरलेला तळपायातून येतो. डांबरी रस्त्यावर, शेणानं सारवलेल्या अंगणात, उन्हानं तापलेल्या फळ्यांवर, नाना अनवाणीच. या अनवाणी पायांवरूनच ती गोष्ट जन्माला आली. मी सांगायचो तशीच आधी सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी धुळ्यात ऑर्केस्ट्रांची स्पर्धा होती. भरदुपारी, सिनेमाच्या थिएटरात. अंतिम फेरीत आमचं गाणं ऐन रंगात आलेलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी सोळा मात्रांचं संगीत, आणि मग मी उठायचं, म्हणजे गायला लागायचं. नाना डोळे मिटून, अनवाणी, वाजवताहेत. एवढ्यात एक लाल मुंगी स्टेजच्या फळीतून आली. नानांचा अंगठा तिला फार आवडला. बाराव्या मात्रेवर तिनं कडकडून चावा घेतला. नानांनी जागच्या जागी उडी मारली ती थेट अंतऱ्यात! ड्रमवाला नानांच्या मागे पळाला, ॲकॉर्डियनवाला ड्रमच्या मागे, आणि मी सगळ्यांच्या मागे. चार मात्रा त्या मुंगीनं खाल्ल्या आणि आमचं बक्षीस गेलं.

ही गोष्ट मी निरोप समारंभांच्या भाषणांत सांगितली, स्नेहसंमेलनांत सांगितली, वरणगावला एका बारशात सांगितली. दरवर्षी मुंगी मोठी होत गेली. पाच-सहा वर्षांत तिचा मुंगळा झाला. एकदा शिरपूरला मी चक्क विंचू केला, पण लोक घाबरले, हसले नाहीत, म्हणून पुन्हा मुंगीवर आलो. नानांना अख्ख्या खानदेशात 'मुंगीवाले नाना' म्हणायला लागले. आयोजक त्यांच्या खुर्चीभोवती मुंग्यांच्या खडूनं गोल काढून ठेवायचे. एका हळदीत नवरदेवाच्या मित्रांनी पायाखाली साखर पसरली. नाना खाली वाकले, साखरेकडे नीट पाहिलं, आणि माइकमधून म्हणाले, "आज ती सुट्टीवर शे." मांडव हसून लोळला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

आता खरं सांगतो. मुंगी नव्हती. बारावर मी उठलो होतो.

परीक्षकांत मुंबईचे एक संगीत संयोजक होते. उपांत्य फेरीत त्यांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, मला बेसवाला हवा आहे, अंतिम फेरी झाली की भेट. ही गोष्ट फक्त अक्कांना आणि मला माहीत होती. नानांनी मुंबईसाठी काळे बूट आणले होते. अनवाणी माणसानं बूट आणले! मला त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून दाखवले, आणि बोटाचे ठसे उमटले म्हणून शर्टानं पुसून परत ठेवले.

आणि मला वाटत होतं, त्या गृहस्थांनी मलाही ऐकावं. मी चांगला गात होतो. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ माझी खास होती. ती त्यांच्या कानावर घालायची मला इतकी घाई झाली, की सोळा मात्रा मला संपेनात. बारावर मी श्वास घेतला.

नानांचं एक सूत्र मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. गायकाच्या खांद्याकडे बघ. सूर तोंडातून यायच्या आधी खांदा वर जातो. नाना नेहमी माझ्या खांद्याकडे बघायचे. त्या दिवशीही बघत होते. खांदा उठला, त्यांना कळलं मास्तर चुकीच्या जागी येतोय, आणि माझा आवाज फुटायच्या आत ते चार मात्रा सोडून अंतऱ्यात, माझ्या जागी, जाऊन उभे राहिले. "गायक जठे, घर तठे," म्हणायचे ते. ड्रमवाल्या उस्मानला त्यांनीच शिकवलेलं, की गडबड झाली तर बेसला धर. त्यानं धरलं. त्याच्यामागून ॲकॉर्डियन आलं. लोकांना फक्त चालता चालता ठेच लागल्यासारखं वाटलं. मी पडलो नाही. मी ती ओळ पूर्ण गायलो, टाळ्याही घेतल्या.

पण जाणकारांना ऐकू काय आलं? सगळ्यांच्या आधी बेस हलला.

मागच्या खोलीत आमचे ऑर्केस्ट्राचालक आबा कपाळाला हात लावून बसले होते. "आधी कोण गेलं?"

उस्मान म्हणाला, "आबा, बेस गेला. मी त्याला धरून गेलो." तो खोटं बोलत नव्हता. ॲकॉर्डियनवाल्यानंही तेच सांगितलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "मी बेस ऐकूनच उठलो."

नाना कोपऱ्यात खाली बसून वायर गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला. एवढाच, एक मात्राभर. मग पुन्हा वायर गोल फिरायला लागली, न पिळता, एकसारखी.

"दगडू?" आबांनी विचारलं.

नाना म्हणाले, "व्हयनं खरं, आबा."

सगळे नानांकडे बघायला लागले. ते मला सहन होईना. मी हसत म्हणालो, "अनवाणी होते ना. मुंगी चावली असेल." सगळे हसले. आबासुद्धा हसले. मुंगी अशी जन्मली.

मुंबईचे गृहस्थ नानांना न भेटताच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जिनिंगमध्ये गेले आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले. ऑर्केस्ट्रा त्यांनी सोडला नाही. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. घसा बसला की कडी वाजायचीच. मी मात्र ते गाणं पुन्हा कधी गायलो नाही. कोणी फर्माईश केली तर म्हणायचो, घसा नाही.

गेल्या महिन्यात मेघनाचा फोन आला; स्मरणिकेचं काम तिच्याकडे आहे. "सर, सगळ्यांचं म्हणणं आहे मुंगीचा किस्सा पाहिजेच. आणि मी नानांचे सल्ले गोळा करून पाठवतेय, ते जरा तपासून द्या. शुद्धलेखन."

मी किस्सा लिहिला. छान झाला होता. मुंगी पुन्हा लाल केली होती. मग तिनं पाठवलेले सल्ले तपासायला घेतले. एकोणीस होते. फ्यूज जास्तीचा ठेव, नखं काप, जेवू नको, सगळे ओळखीचे. शेवटचा मी कधी ऐकला नव्हता. "गायक चुकीच्या जागी आला, तर ती जागा बरोबर कर. आणि नंतर कोणाला सांगू नको."

त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ते पाच-सहा वेळा तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची एसटी धरली. बसमध्ये सगळं मनाशी पाठ केलं. मराठीचा मास्तर, वाक्यं चांगली जमली होती. देवपुरात नानांच्या घराशी आलो तेव्हा दहा वाजले होते. दार लोटलेलं होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, मी बाहेरच्या भिंतीला तळवा लावला. भिंत गुणगुणत होती.

अक्का जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून नाशिकला असतात. नाना एकटे. शेजारच्या वहिनींनी मला दारात पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "थांबा दोन मिनिटं, मास्तर. मध्यंतर व्हायचंय."

"कसलं मध्यंतर?"

"रोज सकाळी पूर्ण प्रोग्राम करतात की! गणेशवंदनेपासून. नुसता बेस. मध्ये निवेदनासाठी थांबतात पण. आम्हाला आता पाठ झालंय. मध्यंतर झालं की चहा टाकतात."

भिंत शांत झाली. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मी दार ढकललं.

नाना पातेलं घेऊन उभे होते. पायांत चपला नव्हत्या. खिडकीत बुटांचा तो जुना खोका होता. झाकण अर्धवट उघडं, आत जास्तीच्या तारा आणि फ्यूज.

"आरे मास्तर! ये, ये."

बसमध्ये पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. उंबऱ्यावरच उभा राहून मी एका दमात बोललो. की नाना त्या दिवशी मी उठलो बारावर मला माहीत होतं तुम्हालाही माहीत होतं मी आबांना खोटं सांगितलं मुंगी मी काढली चाळीस वर्षं मी ती सांगत फिरलो तुमची मुंबई माझ्यामुळे गेली. आणि श्वास संपला.

नानांनी चहा दोन कपांत ओतला. माझा कप माझ्या हातात दिला. मग घसा खाकरला. मी समजलो, आता शुद्ध मराठी येणार.

"घाई झाली, मास्तर. 'मी खोटं बोललो', हे केवढं जड वाक्य. त्याच्या आधी एक मात्रा मोकळी सोडायची. मागच्या माणसाला उभं राहायला जागा लागते."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणालो, "नाना, तुम्ही का नाही सांगितलंत तेव्हा?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा स्टेजवर उभा राहिला असतास? तुझा चेहरा पाहिला होता मी. पांढरा पडला होता. माझं काय, माझ्याकडे कोण बघतं? बेसवाला चुकला तर लोक हसतात आणि विसरतात. गायक मोडला की मोडलाच."

"लोक विसरले कुठे? मी विसरू दिलं नाही."

नाना बशीत फुंकर मारत राहिले.

"अक्कांना सांगितलं होतं?" मी विचारलं. मला हे विचारायचं नव्हतं. पण चाळीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं होतं.

शुद्ध मराठी संपली. "तिले सांगनं नही पडनं. ती बी खांदा देखे." मग म्हणाले, "त्या दिनले घर येताना म्हने, मास्तरले आज घाई व्हती."

सावकाश, मास्तर. घाई नका करू. प्रत्येक पंगतीला, प्रत्येक भाकरीबरोबर. त्यांनी कधी मला उपाशी पाठवलं नाही, आणि ते वाक्य म्हटल्याशिवायही पाठवलं नाही.

मी कप खाली ठेवला. खिशातून किस्सा काढला. म्हणालो, "हा मी फाडून टाकतो. खरं ते लिहितो."

नानांनी कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. दोनदा हसले. एका जागी, मुंगीला अंगठा आवडला तिथे, मोठ्यानं हसले. "मुंगी ऱ्हाऊ दे, मास्तर. पोरं हसतस. फक्त ती माले चावनी नही, इतलं लिख."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चल. मध्यंतर सरनं."

ते सागवानी खोक्याशेजारी बसले, गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले. उत्तरार्धातली पहिली तीन गाणी मी नुसती ऐकली. म्हणजे तळपायांनी ऐकली, कारण बूट मी दाराशी काढले होते. तिसरं संपल्यावर निवेदनापुरते थांबले. मग जो सूर सुरू झाला तो मी ओळखला.

घसा नव्हता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणाला असतो? खोक्याची कडी वाजली. मी हात पुढे केला, गोळी हातात. मी मुखडा धरला. आवाज फाटत होता, पण खाली जमीन होती. पहिला अंतरा गेला. मधलं संगीत आलं. नुसता बेस, बाकी सगळं आमच्या डोक्यात. मी बोटांवर मोजायला लागलो. आयुष्यात एवढ्या काळजीनं मी काही मोजलं नव्हतं. दहा, अकरा, बारा. दात आवळून धरले. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. आणि अगदी जागेवर, काट्यावर, मी अंतऱ्याची पहिली ओळ उचलली.

सगळं विस्कटलं. माझा सूर एकीकडे, बेस दुसरीकडे. नाना ओळीच्या मध्यावर पोहोचले होते, मी सुरुवातीला.

नानांनी डोळे उघडले. आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. आणि असे हसायला लागले, की गिटार मांडीवरून घसरली.

"आरे बापरे! तू बरोबर उना! तू सुधरी जाशी, हाई माले कोन सांगी?" डोळे पुसत ते म्हणाले, "कितला वरीस व्हयनात, मी तुनी तठेच, बारावर, वाट देखस ना, भाऊ!"

त्यांनी मला 'भाऊ' पहिल्यांदा म्हटलं.

शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रोजच्या प्रोग्रामात आज काय वेगळं झालं, ते त्यांना कळलं असावं. नानांनी गिटार सावरली. मुखड्यापासून नको, मधल्या संगीतापासून, असं हातानंच सांगितलं. या वेळी डोळे मिटले नाहीत.

मी डावा तळवा भिंतीवर ठेवला आणि बारावर खांदा उचलला.

नाना तिथेच होते.